कावळा आणि फांदी

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असें आपण पुष्कळदां म्हणतों. म्हणणाराच्या मनांत बहुधा कावळ्याची बाजू घ्यावयाची असते. दोन गोष्टी एकामागून एक घडल्या एवढ्यावरून पहिलीनें दुसरी घडविली असें समजूं नये, हा त्या म्हणीचा उपदेश. आणि तर्काच्या दृष्टीनें तो निर्दोष आहे. आमच्या शास्त्रकारांनीं हाच प्रकार काकतालीय न्याय या नांवानें नोंदून ठेविला आहे. कावळा आला आणि ताडाचें फळ पडलें. दोहोंत संबंध कांहीं नाहीं. परंतु ही म्हण घरच्या ओसरीवर जितकी निरुपद्रवी आहे तितकी ती सर्वत्र नाहीं. कारखान्यांत काम करीत असतां एखादा मनुष्य कोसळतो, त्याची बायको नुकसानभरपाई मागावयास जाते, आणि तिला उत्तर मिळतें कीं, बाई, तुझ्या नवऱ्याचें हृदय आधींच दुबळें होतें. तो घरीं असता तरी मेलाच असता. कावळा बसला आणि फांदी मोडली, इतकेंच. येथें म्हणीचा उपदेश तोच राहतो, पण त्याच्या पायीं एका घरांतील चूल विझते. म्हणून प्रस्तुत लेखांत एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : कामावरील अपघातामुळेंच इजा झाली किंवा नाहीं हें निश्चित कळत नसेल, तेव्हां न्याय कोणत्या बाजूस झुकावा?

कारण म्हणजे काय, याचा आपल्याकडील नैयायिकांनीं जितका कीस काढिला आहे तितका क्वचितच कोणीं काढिला असेल. एखादी वस्तु कार्याच्या आधीं तेथें होती एवढ्यानें त्यांचें समाधान होत नाहीं. घट करावयाचा तर माती पाहिजे, चाक पाहिजे, दांडा पाहिजे, कुंभार पाहिजे. पण ज्या गाढवानें माती वाहून आणिली तेंहि घटाच्या आधीं तेथें होतेंच. मग गाढव हें घटाचें कारण कां नव्हे? तर माती दुसऱ्या कशानेंहि आणतां आली असती. गाढवावांचून घट अडत नाहीं. अशा वस्तूस ते 'अन्यथासिद्ध' म्हणतात आणि कारणांच्या यादींतून तिचें नांव काढून टाकितात. भरपाईच्या दाव्यांतील सारा वाद एका वाक्यांत सांगावयाचा तर तो हाच आहे. कामगार म्हणतो, माझें काम हें चाक आहे. मालक म्हणतो, तें गाढव आहे.

मात्र घट आणि मनुष्य यांत एक मोठा भेद आहे. घट शंभर करून पाहतां येतात. एकदां दांड्यावांचून, एकदां गाढवावांचून, असा प्रयोग करून कोणती वस्तु आवश्यक व कोणती अनावश्यक हें ठरवितां येतें. मनुष्य एकदांच मरतो. तो त्या दिवशीं कामावर गेलाच नसता तर काय झालें असतें, हा प्रयोग कोणासहि करतां येत नाहीं. वैद्य शंभर रोग्यांविषयीं अनुभवानें बोलूं शकतो. पुढें पडलेल्या या एका देहाविषयीं त्यालाहि अनुमानच करावें लागतें. हें अनुमान कितीहि सूक्ष्म असलें तरी त्याच्या कडेला थोडा अंधार राहतोच. न्यायाधीशास निकाल द्यावयाचा असतो तो त्या अंधारासह.

आतां कायद्याचा इतिहास थोडक्यांत पाहूं. पूर्वीं हा प्रश्न याहून कठीण होता, कारण नुसती इजा कामामुळें झाली हें दाखवून भागत नसे. मालकाचा दोष दाखवावा लागे. इंग्लंडांत १८३७ सालीं एका खाटकाच्या नोकराचा दावा गाजला. गाडींत माल अधिक भरला होता, ती मोडली आणि नोकराची मांडी मोडली. न्यायालयानें मालकास जबाबदार धरण्याचें नाकारिलें, आणि त्यांतून पुढें असा सिद्धान्त रूढ झाला कीं, सोबतच्या नोकराच्या चुकीनें इजा झाली असतां धनी मोकळा. यंत्रें वाढलीं, गिरण्या वाढल्या, आणि त्यांबरोबर तुटलेल्या हातांची व बोटांची संख्या वाढली. पण दोष कोणाचा हें शोधूं जातां बहुधा कोणाचाच सांपडेना. तेव्हां जर्मनींत बिस्मार्कच्या अमदानींत १८८४ सालीं, इंग्लंडांत १८९७ सालीं व हिंदुस्थानांत १९२३ सालीं नवे कायदे झाले. आपल्या कायद्याचा अंमल १ जुलै १९२४ पासून सुरू झाला. त्यानें एक मोठा सौदा केला : दोष कोणाचा हा प्रश्नच सोडून दिला, आणि त्याबदल्यांत भरपाईची रक्कम कामगाराची मजुरी व वय यांच्या कोष्टकानें बांधून टाकिली. पुढें त्या कायद्याचें नांव बदललें, आणि अखेर २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत तो सामावला गेला. तरी त्याचे मुख्य शब्द टिकून आहेत. इजा ही कामांतून उद्भवलेल्या व काम चालू असतां घडलेल्या अपघातानें झालेली असली पाहिजे. या दोन अटींपैकीं दुसरी घड्याळ व जागा पाहून बहुधा ठरवितां येते. पहिलीमध्यें मात्र तेंच जुनें गाढव पुन्हां येऊन उभें राहतें.

दुबळ्या फांदीचा प्रश्न न्यायालयांपुढें लौकरच आला. १९०३ सालीं इंग्लंडच्या लॉर्डांच्या सभेपुढें एका कामगाराचें प्रकरण होतें. यंत्राचें चाक फिरवितांना जोर अधिक लागला आणि त्याचा अंतर्गळ झाला. यंत्र मोडलें नव्हतें, तो घसरला नव्हता, बाहेरून कांहींच घडलें नव्हतें. तरीहि लॉर्ड मॅक्नॉटन यांनीं सांगितलें कीं, जें अपेक्षित नव्हतें व जें कोणीं योजिलें नव्हतें असें अनिष्ट घडणें हाच अपघात. तो शरीराच्या आंत घडला म्हणून त्याचें नांव बदलत नाहीं. १९१० सालीं त्याच सभेपुढें याहून अवघड प्रकरण आलें. एका कामगाराच्या हृदयाजवळील मोठी रक्तवाहिनी फुगून तिची भिंत इतकी पातळ झाली होती कीं, झोंपेंतहि ती फुटूं शकली असती. ती फुटली तो पान्यानें एक नट आवळीत असतां. काम रोजचेंच होतें, जोरहि रोजचाच. न्यायाधीशांत मतभेद झाला. पण बहुमतानें भरपाई मंजूर झाली. निर्णयाचें तात्पर्य असें कीं, मालकानें ज्या मनुष्यास कामावर ठेविलें तो जसा असेल तसा ठेविला आहे. दुसरा कोणी सशक्त मनुष्य त्या जागीं असता तर वांचला असता, हें उत्तर नव्हे.

मुंबईच्या उच्च न्यायालयांतहि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत हाच विचार मांडला गेला. मुंबई बंदराच्या एका पहारेकऱ्यास हृदयविकार होता. रात्रपाळीवर असतां त्याच्या छातींत दुखूं लागलें आणि तो मरण पावला. मुख्य न्यायाधीश छागला यांनीं भेद दाखविला तो असा : केवळ रोगानें मृत्यु आला असेल तर मालकावर जबाबदारी नाहीं, परंतु रोगास कामाच्या श्रमांची जोड मिळाली असेल, किंवा श्रमांनीं मृत्यु अलीकडे ओढला असेल, तर ती आहे. काम हें एकमेव कारण असण्याची गरज नाहीं. कारणांपैकीं एक असलें म्हणजे पुरे. मला हा विचार नुसता दयेचा वाटत नाहीं, तो तर्कशुद्धहि वाटतो. फांदी दुबळी होती हें खरें. पण फांद्या बहुधा वजनानेंच मोडतात. आणि ज्या दुबळ्या हृदयाचा दाखला मालक आज देतो, त्याच हृदयाच्या बळावर काल त्याचा पहारा झालेला असतो. मजुरी देतांना तें हृदय चाललें. भरपाई देतांना तें आडवें यावें, हा व्यवहार सरळ नव्हे.

येथवर निदान मनुष्य डोळ्यांदेखत पडला होता. कांहीं वेळां तेवढेंहि भाग्य नसतें. १९६१ च्या डिसेंबरांत इराणच्या आखाताकडे गेलेल्या एका प्रवासी बोटीवरील खलाशी एके सकाळीं नाहींसा झालेला आढळला. दोनतीन दिवस आधीं त्यानें छातींत दुखत असल्याची तक्रार केली होती. बोटीवरील डॉक्टरास विशेष कांहीं आढळलें नव्हतें. रात्रीं उशिरा तो डेकवर दिसला होता. आपण निजावयास जातों असें त्यानें सांगितलें होतें. त्यानंतर त्यास कोणीं पाहिलें नाहीं, आणि त्याचें प्रेतहि मिळालें नाहीं. त्याच्या बापानें भरपाई मागितली. कमिशनरांनीं बोट स्वतः जाऊन पाहिली. कठडा साडेतीन फुटांहून उंच होता, त्या रात्रीं वादळ असल्याचा पुरावा नव्हता. तो तोल जाऊन पडला असेल, त्यानें जीव दिला असेल; काय झालें तें सांगणारें कोणी नव्हतें. त्यांनीं अर्ज फेटाळला. मुंबईच्या उच्च न्यायालयानें तो मंजूर केला. १९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कमिशनरांचा निर्णय पुन्हां कायम केला. त्या निकालांतील नियम पुढें वारंवार आधारास घेतला गेला आहे : सिद्ध झालेल्या गोष्टींवरून योग्य तें अनुमान काढण्यास मुभा आहे, पण केवळ तर्कटावर निर्णय करतां येत नाहीं, आणि शाबितीचा भार भरपाई मागणारावर आहे.

हा निकाल निष्ठुर आहे असें मी म्हणणार नाहीं. अंदाजास पुराव्याची जागा दिली तर न्यायालय आणि चव्हाटा यांत अंतर उरणार नाहीं. तरीपण त्या बापाच्या जागीं क्षणभर उभें राहून पाहावें. त्यानें काय सिद्ध करावयाचें होतें? तो शेंकडों कोस दूर आपल्या घरीं होता. बोट त्याची नव्हती, रोजनिशी त्याची नव्हती. डॉक्टर, अधिकारी, सोबतचे खलाशी, सारे ज्याच्या पगारावर होते तोच प्रतिवादी होता. शाबितीचा भार त्याजवर ठेवणें म्हणजे ज्याच्या हातांत दिवा नाहीं त्यालाच अंधारांत शोधावयास पाठविणें होय.

या ठिकाणीं आपल्या प्रश्नाचें स्वरूप बदलतें, आणि तो बदल ध्यानांत घेणें हाच या लेखाचा मुख्य हेतु आहे. कारण काय हा प्रश्न ज्ञानाचा आहे. पण ज्ञान जेथें संपतें तेथें न्यायालयाचें काम संपत नाहीं. त्यास कोणाच्या तरी बाजूनें निकाल द्यावाच लागतो. 'सिद्ध झालें नाहीं' हे शब्द तटस्थ वाटतात, पण ते तटस्थ नसतात. आपणा सर्वांचें अज्ञान त्या शब्दांनीं एका पक्षाच्या खात्यांत मांडलें जातें. तेव्हां खरें काय घडलें यापुढें जाऊन आपणांस दुसरा प्रश्न विचारावा लागतो : जें कोणासच ठाऊक नाहीं त्याचा तोटा कोणीं सोसावा? हा प्रश्न वैद्याचा नव्हे, नैयायिकाचाहि नव्हे; तो नीतीचा आहे.

फौजदारी न्यायांत त्याचें उत्तर आपण केव्हांच देऊन ठेविलें आहे. संशयाचा फायदा आरोपीस. कारण तेथें निर्दोष मनुष्याच्या पायांत बेडी पडण्याचें भय असतें. त्याच संवयीनें आपण भरपाईच्या दाव्याकडे पाहतों, आणि मालकास आरोपी समजून संशयाचा फायदा त्याच्या पदरांत टाकतों. पण येथें मालकावर आरोप कांहींच नाहीं. कायद्यानें दोषाचा प्रश्न १९२३ सालींच काढून टाकिला. भरपाई द्यावी लागली म्हणून मालक अपराधी ठरत नाहीं; धंद्यांतून जो नफा येतो त्याच्या मागोमाग येणारा हा एक खर्च आहे, आणि तो विम्यानें पुष्कळांत वांटून घेतां येतो. उलट चूक झाली आणि कामगाराचा खरा दावा बुडाला, तर तो तोटा वांटून घ्यावयास दुसरें कोणी नसतें. तो सबंध एका घरावर पडतो. जेथें एका बाजूची चूक हप्त्यांत जिरते आणि दुसऱ्या बाजूची चूक मुलांची शाळा बंद करते, तेथें तराजूची दोन्ही पारडीं समान धरणें हाच पक्षपात होतो.

यावर आक्षेप येईल कीं, अशानें खोटे दावे वाढतील, व लहान धंदेवाला बुडेल. आक्षेप पोकळ नाहीं. काम चालू असतां जें जें घडेल त्याचा भार धन्यावर, असें म्हटलें तर 'कामांतून उद्भवलेला' या शब्दांस अर्थच राहणार नाहीं. आणि कामावर असतां हृदय बंद पडलें एवढ्यानेंच कामाचा संबंध सिद्ध होत नाहीं, कामाचा ताण पडल्याचें दिसलें पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानेंहि बजाविलें आहे. पण या दोन टोकांमध्यें एक वाट आहे, आणि ती कायद्यानेंच दुसरीकडे काढून दाखविली आहे. कामगार राज्य विम्याच्या १९४८ च्या कायद्यांत १९६६ सालीं अशी दुरुस्ती झाली कीं, काम चालू असतां अपघात घडला असेल तर, विरुद्ध पुरावा नसल्यास, तो कामांतूनच उद्भवला असें गृहीत धरावें. म्हणजे मालकाचें तोंड बंद केलें नाहीं. उलट त्यास बोलावयास लाविलें. असें गृहीत खरें काय घडलें हें सांगत नाहीं. आधीं कोणीं बोलावें, आणि कोणीच बोललें नाहीं तर कोणीं सोसावें, एवढेंच तें ठरवितें. ज्याच्या हातांत दिवा आहे त्यानें तो पुढें धरावा, यांत अन्याय कोणता? मात्र हें गृहीत अपघात घडल्यानंतरचें आहे. त्या खलाशाच्या बापास तें मिळतें तरी अपघात झाला एवढें दाखविणें त्याला चुकलें नसतें. अंधाराचा कांहीं भाग कोणत्याहि नियमानें उजळत नाहीं.

रोगांच्या बाबतींतहि हीच युक्ति आहे. कापसाच्या गिरणींतील धूळ वर्षानुवर्षें छातींत बसते. तिला कोणता दिवस अपघाताचा म्हणून दाखवावा? त्या रोगाची खूण अशी कीं, आरंभीं सुटीनंतर कामावर आलेल्या पहिल्याच दिवशीं छाती आवळल्यासारखी होते, व पुढल्या दिवसांत उतार पडतो. रोगी सांगतो तें ऐकणारास विचित्र वाटतें. पण सुटीनें बरें वाटणें व कामानें पुन्हां दुखणें, याहून बोलका साक्षीदार कोणता पाहिजे? म्हणून कायद्यानें अशा रोगांची सूचीच केली, आणि त्या त्या कामांत असणारास ते जडले असतां, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, कामामुळेंच जडले असें मानिलें.

न्यायाचें मनहि हळूहळू या दिशेनें वळत आहे, हें रस्त्यावरील अपघातांच्या इतिहासावरून दिसतें. मुंबईच्या बेस्ट उपक्रमांतील एक बसचालक १९५७ सालीं जोगेश्वरीच्या आगारांतून काम संपवून दुसऱ्या बसनें सांताक्रूझकडे घरीं जात असतां अपघातांत सांपडून मेला. बसमधून फुकट जाण्याची सवलत त्यास नोकरीच्या सोयीसाठींच होती, म्हणून १९६३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, एका न्यायाधीशाचा मतभेद असतांहि, तो कामावरच होता असें ठरविलें. पण १९९६ सालीं, पाळी सुरू होण्यास पाव तास उरला असतां कारखान्यापासून मैलभराच्या आंत सायकलवर लॉरीनें धडकलेल्या कामगारास तेंच न्यायालय नाहीं म्हणालें. रस्ता सर्वांचा, धोकाहि सर्वांचा. पुढें २०१० सालीं विम्याच्या कायद्यांत घर ते काम या वाटेवरील अपघाताचाहि, कामाशीं संबंध दिसल्यास, समावेश झाला.

त्यानंतरचें एक प्रकरण आपल्याच मराठवाड्यांतलें आहे. एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ च्या एप्रिलांत पहाटे तीनच्या पाळीस मोटारसायकलीवर निघाला आणि कारखाना पांच किलोमीटर राहिला असतां अपघातांत मेला. मागें बायको, चार मुलें आणि आई. कमिशनरांनीं २००९ सालीं ३ लाख २६ हजारांवर भरपाई ठरविली. २०११ सालीं उच्च न्यायालयानें ती रद्द केली. आणि २०२५ च्या जुलैंत सर्वोच्च न्यायालयानें ती पुन्हां दिली. एवढ्या अपरात्रीं तो मनुष्य त्या वाटेवर दुसऱ्या कशासाठीं असणार होता, हा साधा प्रश्न उकलावयास बावीस वर्षें गेलीं. तोंवर लहान मुलें मोठीं झालीं असतील. बापाच्या मरणाचें कारण काय हें न्यायालयांत ठरत असतां तीं वाढलीं. संशय कोणीं सोसावा याचें उत्तर कायद्याच्या पुस्तकांत नसलें तरी तो कोणीतरी सोशीतच असतो.

हें सारें वाचून वाचकांस वाटेल कीं, हा गिरणीमालकांचा व न्यायाधीशांचा प्रश्न आहे. आपला त्याच्याशीं काय संबंध? संबंध आहे. आपल्या घरीं भांडीं घासावयास येणारी बाई ओल्या फरशीवरून घसरते व मनगट धरून बसते. त्या वेळीं आपल्या तोंडून पहिलें वाक्य कोणतें निघतें? 'तरी मी सांगत होतें, तुला हल्लीं चक्कर येते म्हणून.' वाक्य काळजीचें आहे, खोटेंहि नसेल. पण फरशी ओली कोणीं ठेविली हा प्रश्न त्यानें अलगद पुसून टाकिला. तिचा दावा बहुधा कोणत्याच कचेरींत जात नाहीं. तेथें कमिशनर आपण, प्रतिवादी आपण, आणि फरशी पुसून कोरडी झाल्यावर एकुलता एक साक्षीदारहि आपणच. चक्कर हें कारण कीं पाणी हें कारण, हें कदाचित् आपणांसहि ठाऊक नसेल. पण आठ दिवसांचा पगार कापावा कीं द्यावा, हें ठरवावयास तें ठाऊक असण्याची गरज नाहीं.

फांदी दुबळी होती किंवा नव्हती, हें झाड पाहून जाणत्यांनीं ठरवावें. ती मोडल्यावर मात्र, इतके दिवस तिजवर कोण बसत होतें हें आधीं विचारावें, आणि मग ती म्हण तोंडांत आणावी.